पोहण्याजोगं पाणी

"मॅडम, तुम्ही आज सुट्टीवर आहात ना?" ऑपरेटरने विचारलं.

"आहे की."

"मग टाकीत का वाकलाय?"

 लांब दांड्याच्या डब्यात भटकीने फेसाखालचं तपकिरी पाणी भरून घेतलं, काचेच्या उंच मोजपात्रात ओतलं आणि ते कठड्यावर ठेवून बघत उभी राहिली. गाळ हळूहळू खाली बसायला लागला, वर नितळ पाणी दिसू लागलं. गाळ असा नीट बसला म्हणजे टाकीतले जंतू खाऊनपिऊन सुखी आहेत, असा त्या कामातला ठोकताळा. शहराच्या मोऱ्यांतून आणि संडासांतून जे वाहून येतं ते हे जंतू खातात, मग उरलेलं पाणी निवळून, औषध घालून नदीत सोडलं जातं. भटकी या केंद्रावर इंजिनिअर होती. म्हणजे कागदोपत्री इंजिनिअर. एरवी तिचं काम एखाद्या मोठ्या, खादाड आणि नाजूक पोटाच्या कुटुंबातल्या आईसारखं होतं.

"बसतोय?" ऑपरेटर म्हणाला.

"बसतोय."

"काल बसत होता, परवाही बसत होता. तुमच्यासमोर न बसायची त्याची काय बिशाद? जा आता. मावशी वाट बघत असतील."

"तिला घ्यायला दहा वाजता जायचंय. म्हटलं तोवर एक नजर टाकू."

तुमची नजर काय ती आम्हाला ठाऊक आहे, असं काहीसं ऑपरेटर पुटपुटला, तेवढ्यात फाटकावरच्या पहारेकऱ्याचा फोन आला. एक आजीबाई आल्यात, काठी आहे, पिशवी आहे, आणि आत सोडा म्हणून मला दरडावतायत.

मावशीला कोणी न्यायला जावं आणि तिने तयार होऊन वाट बघत बसावं, हे आजवर कधी झालेलं नव्हतं. ती टॅक्सी करून स्वतःच आली होती.

भटकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते तिच्या आईने ठेवलेलं, तेही रागाने. लहानपणी ही मुलगी घरात ठरत नसे. शाळा सुटली की टेकडीवर, टेकडी झाली की ओढ्यात, आणि घरी यायची ती गुडघे फोडून, खिशात बेडूक नाहीतर शेवाळलेले दगड घेऊन. आई कपाळावर हात मारायची, "ही भटकी कुणाच्या वळणावर गेलीय देव जाणे." देवाला विचारायची गरज नव्हती. सगळ्यांना ठाऊक होतं की ती मावशीच्या वळणावर गेली होती.

आईची ही धाकटी बहीण मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई होती. लग्न केलं नाही, त्याची तिला खंत नव्हती आणि इतरांची खंत ऐकून घ्यायला वेळ नव्हता. रविवार उजाडला की ती भाचीला घेऊन निघायची. टेकड्या चढायच्या, भिजायचं, वाळायचं, आणि शेवटी नदीच्या वळणावर जाऊन पोहायचं. भटकीला तिने तिथेच पोहायला शिकवलं. शिकवलं म्हणजे काठावरून ढकललं आणि स्वतः काठाने चालत राहिली, "पाय मार, पाय मार, बघतेस काय माझ्याकडे," असं ओरडत.

मग एका उन्हाळ्यात नदीवर फेस आला. आधी बायकांनी कपडे धुतले असतील असं वाटलं. पुढच्या रविवारी वास आला, त्याच्या पुढच्या रविवारी पोटं वर करून मासे आले. शहर वाढलं होतं आणि त्याची घाण थेट नदीत येत होती. मावशी काठावर बराच वेळ उभी राहिली, मग म्हणाली, "चल घरी." त्या दिवसापासून ती नदीत उतरली नाही. शाळेच्या मैदानावर, टेकडीवर ती पूर्वीसारखीच होती, पण पोहायला म्हणून दुसरीकडे कुठे गेली नाही. तलावात पोहणं म्हणजे बादलीत पोहणं, असं म्हणायची.

भटकी तेव्हा दहावीत होती. हे असलं नीट करायला काहीतरी शिक्षण असतं, असं तिने कुठूनतरी शोधून काढलं. पर्यावरण अभियांत्रिकी हे शब्द आईला नीट उच्चारता येत नसत. आईने नोकरीचं काय, लग्नाचं काय, असे नेहमीचे प्रश्न विचारून पाहिले. मावशीने एकच प्रश्न विचारला.

"त्याने नदी नीट होते?"

"होते म्हणे."

"मग शीक."

प्रवेश मिळाला त्या दिवशी भटकी सायकलवरून मावशीकडे गेली आणि म्हणाली, "मी तुला परत पोहायला नेईन." अठराव्या वर्षी माणूस काहीही बोलून बसतो. बहुतेक जण नंतर विसरतात. भटकी विसरली नाही.

कॉलेजात गेल्यावर आपण रानावनात हिंडू, झाडं मोजू, झऱ्यांचे नकाशे काढू, अशी तिची समजूत होती. पहिल्या वर्षी पाइप आले, दुसऱ्या वर्षी पंप आले, आणि तिसऱ्या वर्षी पहिली सहल निघाली ती सांडपाण्याच्या केंद्रावर. तिने संध्याकाळी मावशीला फोन केला होता. "मला वाटलं रानात पाठवतील. यांनी गटारात पाठवलं."

"नदी कुठून बिघडली?" मावशीने विचारलं होतं.

"गटारातूनच."

"मग बरोबर पत्त्यावर पोचलीस."

तेव्हापासून ती त्याच पत्त्यावर होती. हे केंद्र बांधलं गेलं तेव्हा सर्वांत आधी रुजू झालेल्यांत ती होती, आणि सुट्टीच्या दिवशीही इथेच सापडायची. टेकड्या चढणं कधी सुटलं ते तिलाही सांगता आलं नसतं. एखाद्या रविवारी मोटर बंद पडायची, एखाद्या रविवारी कुठल्याशा कारखान्याने चोरून रंगीत पाणी सोडलेलं असायचं आणि जंतूंची पोटं बिघडायची. सहकाऱ्यांसोबत एकदा धबधब्यावर गेली, तर सगळे भिजत असताना ही खाली बसून फेसाचा रंग बघत होती. मोकळ्या हवेच्या ओढीने हे शिक्षण घेतलं आणि त्या शिक्षणाने मोकळी हवा तेवढी काढून घेतली. पण तिची तक्रार नव्हती. नदी सुधारत होती. मासे परतले, मग बगळे आले.

थंडी सरत आली की दरवर्षी मावशीचा फोन यायचा.

"झालं का गं पाणी?"

"अजून नाही, मावशी."

"बरं."

इतकंच संभाषण. मावशीने कधी का म्हणून विचारलं नाही, कधी घाई केली नाही. पाण्यातलं तुला कळतं, असं ती म्हणायची आणि पुढच्या थंडीची वाट बघायची.

मागच्या पावसाळ्यात ती न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, त्यात लोखंड बसवलं, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या पायांना हुकूम सोडणाऱ्या बाईला स्वतःच्या पायाची मनधरणी करावी लागली. त्या वयाची माणसं व्यायाम टाळतात, पण व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला हिला थांबवावं लागायचं. एवढं कशासाठी आजी, असं तिने विचारलं तेव्हा मावशी म्हणाली होती, "मला नदीत उतरायचंय. भाचीने कबूल केलंय."

आणि या वर्षी मावशीच्या फोनची वाट न बघता भटकीनेच फोन केला. "मावशी, झालं पाणी."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मावशी म्हणाली, "कुठल्या वारी?"

"पण तुझा पाय?"

"पायाचं मी बघते. तू वार सांग."

तो वार आज होता.

मावशी फाटकातून आत आली ती काठी टेकत, पण मान ताठ ठेवून. मैदानावरची चाल अजून खांद्यांत होती. केस आणखी पांढरे झाले होते. तिने नाक वर करून वास घेतला.

"एवढा काही वाईट नाही. मुलींच्या वसतिगृहात याहून वाईट येतो."

"अगं, मी येणार होते ना घ्यायला."

"तू येणार, मग तुला फोन येणार, मग कुठलातरी पंप आजारी पडणार. त्यापेक्षा मीच आले. आता आलेच आहे तर दाखव तरी ते तुझे जंतू. इतकी वर्षं नुसतं ऐकतेय. आणि सांगून ठेवते, मी पोहायचे कपडे आतून घालूनच आलेय. काठावर झुडपं शोधत बसायला नको."

तिच्या झग्याच्या गळ्याशी निळ्या पट्ट्याची कड दिसत होती. सत्तरी ओलांडलेली बाई सकाळी उठून पोहायचे कपडे घालून, त्यावर झगा चढवून टॅक्सीत बसली, हे डोळ्यांसमोर येऊन भटकीला भरून आलं. तिने मावशीला प्रयोगशाळेत बसवलं, तिथल्या मुलीला सूक्ष्मदर्शक दाखवायला सांगितलं आणि हातपाय धुवून गाडी काढायला गेली.

प्रयोगशाळेतली मुलगी गोड होती आणि बोलकी होती. तिने मावशीला खुर्ची दिली, चहा दिला, काचेखाली वळवळणारे जीव दाखवले. भटकी गाडीची किल्ली घेऊन परत आली तेव्हा दोघींची चांगली गट्टी जमली होती. दारातच तिला मुलीचा आवाज ऐकू आला.

"पाणी पोहण्याजोगं झालं ना, त्या दिवशी आम्ही केक आणला होता. मॅडमनी तुकडासुद्धा खाल्ला नाही."

"आत्ताच झाला की तो दिवस," मावशी म्हणाली. "एवढ्यात केक विसरायला काय झालं तिला?"

"आत्ता नाही हो मावशी. दोन वर्षं झाली त्याला. माणसाने पाण्यात उतरावं की नाही, त्याचा एक आकडा ठरलेला असतो. आपलं पाणी दोन वर्षांपूर्वीच त्याच्या आत आलं. मॅडम म्हणाल्या, एवढ्याने काय होतंय. वर्षभर एकही नमुना त्यांच्या मनातल्या आकड्यावर जाता कामा नये. मग पावसात एक नमुना जरासा वर गेला, तर यांनी वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं."

"म्हणजे दोन वर्षांपूर्वी कोणी उतरलं असतं तर चाललं असतं?"

"उतरतातच की. पलीकडच्या वस्तीतली मुलं तेव्हापासून डुंबतायत. माझा भाऊ जातो रोज. त्याला काही होत नाही, उलट भूक जास्त लागते."

मुलगी हसली. मावशीही हसली असावी, पण तिची पाठ दाराकडे होती. मग ती कप ठेवायला वळली आणि तिला दारात उभी असलेली भाची दिसली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मुलीच्या काही लक्षात आलं नाही, ती काचा पुसत होती.

"चल," मावशी काठी घेत म्हणाली. "ऊन चढायच्या आत जाऊ."

गाडीत मावशी खिडकीबाहेर बघत होती. शहर संपलं, गोदामं संपली, शेतं लागली.  दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मावशीने भटकीला एकदाच ओढून टेकडीवर नेलं होतं आणि स्वतः पुढे चढत होती. मागे वळून म्हणाली होती, काय गं, दमलीस? हे आता आठवायला नको होतं.

"मावशी..."

"रस्त्याकडे बघ. खड्डे आहेत."

नदीचं वळण फारसं बदललं नव्हतं. झाडं पाण्यावर ओणवली होती. खालचे दगडगोटे दिसत होते, त्यांवरून बोटाएवढे मासे एकदम वळायचे आणि नाहीसे व्हायचे. वरच्या फांदीवर एक खंड्या बसला होता. खाली उतरायची वाट तेवढी पूर्वीपेक्षा खोल झाली होती. पुराने माती नेली होती आणि दगड उघडे पडले होते. भटकी दर आठवड्याला नदीवर यायची, पण या वाटेने नाही. ती वरच्या पुलावर थांबायची आणि दोरीला बांधलेली बाटली खाली सोडून पाणी काढायची. दगड उघडे पडलेत हे तिला माहीतच नव्हतं.

मावशीने झगा काढून घडी करून गाडीच्या बॉनेटवर ठेवला. निळे कपडे तिला आता सैल झाले होते. खुब्यावरचा लांब व्रण दिसत होता. तिने काठावर उभं राहून पाण्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पार बदलला. कितीतरी वर्षांनी आपल्या घराला बाहेरून बघणाऱ्या माणसाचा होतो तसा तो झाला.

"दगड दिसतायत गं," ती म्हणाली. "तळाचे."

"हो."

"चल, धर."

भटकीने तिचा दंड धरला. पहिली पायरी उतरली, दुसरी उतरली. तिसऱ्या दगडावर काठी टेकली ती निसटली आणि मावशीचा सगळा भार भटकीच्या खांद्यावर आला. दोघी तशाच थबकल्या. मावशीचा श्वास जोरात चालला होता. तिने काठी पुन्हा टेकून पाहिली, चांगला पाय पुढे घेऊन पाहिला, मग दुसरा घेऊन पाहिला. खाली आणखी बरेच दगड होते आणि ते सगळे ओले होते.

"थांब," मावशी म्हणाली. "नाही जमायचं."

"जमेल. मी ऑपरेटरला फोन करते. त्याला आणि आणखी एकाला बोलावते, खुर्चीत बसवून अलगद..."

"खुर्चीत बसवून?"

"पाण्यापर्यंतच. पुढे तू..."

"अगं, मी पोरींना या काठावरून ढकलून दिलेलंय. मला कोणी सामानासारखं उचलून पाण्यात ठेवायचं नाही. वर घे मला."

त्या वर आल्या. तिथे एक सपाट दगड होता, त्यावर मावशी बसली. टॉवेल खांद्यावर घेतला. भटकी तिच्या समोर मातीत बसली, आणि आता गप्प राहणं तिला शक्य नव्हतं.

"दोन वर्षांपूर्वी आणायला हवं होतं मी तुला."

"हवं होतंस."

"मला भीती वाटली. ठरलेला आकडा असतो, पण तो ठरवणारी माणसं तुला ओळखत नाहीत. एखादा वाईट दिवस असला असता, तुला ताप आला असता, काही झालं असतं तर..."

"झालंच की मला," मावशी म्हणाली. "न्हाणीघरात. नळाच्या पाण्यात."

भटकीला रडू आलं. ती फारशी रडणारी बाई नव्हती, त्यामुळे तिला ते नीट जमेना. मावशीने थांब म्हटलं नाही आणि जवळही घेतलं नाही. ती नदीकडे बघत राहिली.

"मला राग आलाय," थोड्या वेळाने ती म्हणाली. "तुला वाईट वाटेल म्हणून नाही आला असं मी म्हणणार नाही. मी तेव्हा पळत उतरले असते गं इथून. दरवर्षी तू अजून नाही म्हणालीस आणि मी बरं म्हटलं, कारण मला वाटलं पाणी झालं नाहीये. पाणी झालं होतं. तूच होत नव्हतीस."

"हो."

"एकदा विचारायचंस तरी. मावशी, एवढं एवढं झालंय, एवढा एवढा धोका आहे, उतरतेस का? मी काय म्हणाले असते?"

"उतरते म्हणाली असतीस."

"मग? म्हणूनच नाही विचारलंस."

हे खरं होतं. खंड्याने पाण्यात सूर मारला आणि रिकाम्या चोचीने परत फांदीवर जाऊन बसला. मावशीने त्याच्याकडे शिक्षिकेच्या नजरेने पाहिलं.

"राग संध्याकाळपर्यंत राहील," ती म्हणाली. "फार तर उद्यापर्यंत. मला जास्त वेळ धरता येत नाही, हात दुखतात. पण एक सांग. तू स्वतः शेवटची कधी उतरलीस?"

भटकीने आठवून पाहिलं. "तू आणायचीस तेव्हा."

"म्हणजे फेस यायच्या आधी? आणि त्यानंतर एकदाही नाही? दोन वर्षं पोरं डुंबतायत, तू नाही?"

"वेळच..."

"वेळेचं मला सांगू नकोस. पाणी कुठून काढतेस तपासायला?"

"पुलावरून. दोरीने."

मावशी हसायला लागली. आधी नुसती खांद्यांतून, मग मोठ्याने, टॉवेल तोंडाला लावून. "अरे देवा. पुलावरून. मुलगी नदीसाठी जन्म घालवते आणि नदीला दोरीने भेटते." तिने डोळे पुसले. ते हसूनच ओले झाले होते असं नाही. "ऊठ. बूट काढ."

"मी कपडे नाही आणलेत, मावशी."

"अंगावर आहेत ते काय आहेत? ऊठ. मी पायाचं बघते म्हणाले होते, ते मला जमलं नाही. आता एकीने तरी उतरायला पाहिजे. मी काही टॅक्सीचे पैसे भरून मासे बघायला नाही आले."

भटकीने बूट काढले. मोजे काढले. अनवाणी पायांना माती टोचली. तिने मावशीकडे पाहिलं, मावशीने काठीने नदीकडे खूण केली. ती त्याच दगडांवरून खाली गेली, सावकाश, हाताने आधार घेत. पाणी घोट्याला लागलं तेव्हा इतकं गार होतं की ती थांबली. मग गुडघे, मग कंबर. शर्ट फुगून वर आला. तिने पाय सोडले.

अंगाला आठवत होतं, पण वेळ लागला. पहिले काही हात भलतीकडेच गेले. प्रवाहाने तिला थोडं ओढलं, मग तिला त्याची गती सापडली आणि ती वळणाच्या बाजूने पोहायला लागली. मान ताठ वर, ओठ घट्ट मिटलेले. तिला या पाण्याच्या प्रत्येक थेंबात काय काय असतं, काय असायचं, आणि पाऊस पडला की काय येऊ शकतं हे सगळं पाठ होतं. एखादी तोलाची वस्तू डोक्यावर घेऊन चालावं तसं ती डोकं पाण्याबाहेर सांभाळत होती.

"मान मोडेल अशाने," काठावरून आवाज आला.

मावशी उठून उभी राहिली होती. खांद्यावर टॉवेल, हातात काठी.

"डोकं आत घाल."

भटकीने मान हलवली.

"अगं, कुणाचं पाणी आहे हे? आत घाल म्हणते ना."

भटकी थोडा वेळ तशीच पोहली. मग तिने श्वास भरून घेतला आणि तोंड पाण्यात घातलं. कानांत पाणी शिरलं आणि बाहेरचं सगळं बंद झालं. डोळे उघडले तर खाली दगड होते, हिरवट, गोल, आणि त्यांवर तिची स्वतःची सावली हलत होती. ओठांच्या फटीतून थोडं पाणी आत गेलं. तिने ते थुंकलं नाही.

श्वासासाठी ती बाजूला वळली तेव्हा काठ दिसला. मावशी काठाने चालत होती, काठी टेकत, एक पाय जरा ओढत, पोहणाऱ्याला शिकवताना चालतात तशी बरोबरीने. तोंडाने ती काहीतरी म्हणत होती. भटकीने हात थोडे हळू मारायला सुरुवात केली. मावशीच्या ते लगेच लक्षात आलं, आणि तिने काठी उचलून पुढे रोखली.

मग भटकी थांबली नाही. पुढे झाडं दाट झाली तिथे काठावरची वाट संपत होती. मावशी तिथपर्यंत आली आणि काठीवर दोन्ही हात ठेवून, निळ्या कपड्यांत, उभी राहिली.